जुन्या मोटारहोममधील बॅटरी व इन्व्हर्टर वायरिंगची तपासणी

मोटारहोममध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, इंजिनच्या बॅटरीखेरीज दिवे, पंखे, पाण्याचा पंप व फ्रीज यांसाठी वेगळी बॅटरी असते आणि तिच्यावर इन्व्हर्टर चालतो. या दोहोंमधल्या तारा, जोड व फ्यूज वेळोवेळी तपासणे आणि खराब झालेले बदलणे हे जुन्या गाडीच्या देखभालीतले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पण मराठवाड्यात अशी गाडी सहसा कारखान्यातून आलेली नसते. जुनी मिनीबस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेऊन स्थानिक कारागिरांकडून ती सजवून घेतात. वायरिंगचा नकाशा काढलेला नसतो, आणि मालक बदलला की कोणती तार कुठे जाते हे सांगणाराही उरत नाही.

दोषाचे मूळ बहुधा तारेच्या जाडीत असते. 1000 वॅटचा भार 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही; तोच भार इन्व्हर्टरमार्फत 12 व्होल्टच्या बॅटरीवर टाकला, की 90 ते 100 अँपिअर प्रवाह लागतो. घरगुती कामाचा हात बसलेला वायरमन इथे बारीक तार ओढतो. बॅटरीपासून इन्व्हर्टर दोन मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन चार मीटर तांबे होते. 10 चौरस मिलिमीटरच्या तारेत 100 अँपिअरला सुमारे 0.7 व्होल्ट गळतात आणि 70 वॅटची नुसती उष्णता होते. 35 चौरस मिलिमीटरला हेच आकडे 0.2 व्होल्ट व 20 वॅट असे येतात. भार टाकताच इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून ओरडतो, मालक नवी बॅटरी आणतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो. उन्हात उभ्या गाडीतला बॅटरीचा कप्पा त्याहून तापतो. साध्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा 70 अंशांची असल्याने तारेला स्वतःच्या उष्णतेसाठी फार थोडी जागा उरते. वेष्टन कडक होते, दुमडताच तडकते. लेड-ॲसिड बॅटरीचे पाणीही झपाट्याने आटते आणि त्यात बोअरचे पाणी ओतले जाते. या भागातले क्षारयुक्त पाणी प्लेटांचे नुकसान करते. डिस्टिल्ड वॉटरला पर्याय नाही.

तपासणी भार चालू ठेवूनच करावी. व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर व दुसरे इन्व्हर्टरच्या धन टर्मिनलवर टेकवले, की त्या बाजूची गळती थेट दिसते. मग तसेच ऋण बाजूला. आकडा हिशेबापेक्षा जास्त आला, तर एकेक जोड मोजत जावे. थिंबलजवळ, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीजवळ, बुरशीसारखा हिरवा-पांढरा गंज, काळे पडलेले तांबे, वितळलेली कड या खुणा नेहमीच्या. गाडी महिनोन्महिने उभी असेल, तर उंदरांनी कुरतडलेले तुकडेही सापडतात. जुन्या बसची मूळ व्यवस्था 24 व्होल्टची असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी: दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढलेले असतात. त्यामुळे एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात.

तार बदलताना आधी सर्व भार बंद करून ऋण टोक सोडावे. जोडताना ते शेवटी. अंगठी-कडे काढून ठेवावे. बॅटरीची जोडणी सोडली तरी इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते. वेल्डिंग केबल लवचीक असल्याने सोयीची पडते, पण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही बाजारात मिळते. एखादा धागा पात्याने खरवडला, की आतली चांदीसारखी चकाकी लगेच दिसते. थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परने, म्हणजे द्रवदाबावर चालणाऱ्या चिमट्याने, दाबावे. हातोडीने ठोकलेला जोड खड्ड्यांच्या रस्त्यावर ढिला पडतो, तर शिसे-कथिल भरलेला जोड कडक होऊन भरणाच्या कडेशी तुटतो. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणारे कडे, हवाच.

फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, कारण बॅटरी व फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणतेच संरक्षण नसते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची शेतपंपाच्या पेटीतली युक्ती इथेही सर्रास दिसते. गाडीत आग लागण्याचा याहून सोपा मार्ग नाही. घरातल्या एसी विजेचा, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाचा, एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) इथे चालत नाही. एसीमधला प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. बॅटरीच्या डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहात, ती तशीच पेटत राहू शकते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवताना जुने वायरिंग तसेच ठेवू नये. तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने शॉर्ट झाल्यास प्रवाह प्रचंड वाहतो, म्हणून तेवढा प्रवाह तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज लागतो. चार्ज होतानाही ती अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राकडून, मिळेल तेवढे ओढते आणि तो तापून जळू शकतो. त्यासाठी मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवून प्रवाहावर मर्यादा घालतात.