शाळेच्या मैदानासाठी सरकारी मदत: अर्ज कुठे अडतो आणि कोणता कागद आधी करायचा

‘फिट इंडिया’चं प्रमाणपत्र आलं, आता पैसे कधी येणार? मुख्याध्यापकांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा, आणि त्याचं उत्तर आहे, येणार नाहीत. त्या प्रमाणपत्रामागे एक रुपयाही नाही. मुलांनी खेळावं, वजन आटोक्यात राहावं म्हणून सरकारने उघडलेल्या वाटा तीन आहेत. तिन्ही वेगवेगळ्या कार्यालयांतून जातात आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. समग्र शिक्षा अभियानाचं क्रीडा अनुदान शिक्षण खात्याकडून येतं. क्रीडांगण विकास अनुदान जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून. ‘फिट इंडिया स्कूल’ हे केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाचं मानांकन आहे. एकीचे कागद दुसरीकडे जोडून वर्ष घालवलेल्या शाळा दर तालुक्यात सापडतील.

समग्र शिक्षाचं क्रीडा अनुदान

हे शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. २०१८ साली समग्र शिक्षा सुरू झाली तेव्हाच दर ठरले: प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत. शाळेतल्या किमान दोन मुलांनी खेलो इंडियाच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत पदक मिळवलं, तर आणखी २५,००० पर्यंतची तरतूद आहे.

या अनुदानासाठी शाळेने वेगळा अर्ज करायचा नसतो. म्हणूनच ते हातातून निसटतं. वरचं नियोजन यू-डायसवर, म्हणजे शाळेने दरवर्षी सरकारकडे भरायच्या माहितीवर होतं आणि ती माहिती भरताना कोण काय लिहितं, याकडे वर्षभर कोणी बघत नाही. भौतिक सुविधांच्या भागात मैदान आहे का, असं विचारलेलं असतं. ‘नाही’ लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो: शेजारच्या मैदानावर किंवा सार्वजनिक जागेवर मुलांच्या खेळाची पुरेशी सोय केली आहे का? पुष्कळ शाळा पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात आणि दुसऱ्यालाही घाईत ‘नाही’च लिहून मोकळ्या होतात. मुलं मात्र रोज शेजारच्या मैदानावर कबड्डी खेळत असतात. उलटा प्रकारही होतो. मैदान नसताना ‘आहे’ लिहिलं जातं, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मैदान आहे आणि ‘नाही’ लिहिलं तर नोटीस येईल अशी भीती असते. तीच शाळा पुढे मैदानासाठी मागणी करते, तेव्हा कारकून तिचीच यू-डायसची छापील प्रत समोर ठेवतो. त्याचंही काही चुकत नाही.

दुसरी गफलत तारखेची. यू-डायसचा संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर असतो. माहिती भरण्याची मुदत पुढे चालू राहते, कधी वाढतेही, त्यामुळे नोव्हेंबरात असलेली परिस्थिती भरायची असा समज होतो. तसं नाही. पट, शिक्षक, सुविधा ही सगळी ३० सप्टेंबरची स्थिती असली पाहिजे. ऑक्टोबरात बदलून आलेले शिक्षक त्यात धरले आणि तपासणीत आकडा जुळला नाही, तर माहिती दुरुस्तीसाठी परत येते.

रक्कम खात्यावर बहुधा आर्थिक वर्ष संपता संपता दिसते, आणि ३१ मार्चनंतर न वापरलेला पैसा परत जातो. परीक्षा, जनगणनेची नाहीतर निवडणुकीची ड्युटी आणि अनुदानाचा खर्च असं सगळं एकाच पंधरवड्यात गुरुजींच्या गळ्यात पडतं. सरकारला हे वेळापत्रक इतकी वर्षं सुधारता आलेलं नाही, तेव्हा आपणच ते धरून चालावं. काय घ्यायचं याचा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव डिसेंबरातच करून ठेवा आणि दरपत्रकं मागवून ठेवा. साहित्य आलं की जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) त्याच दिवशी नोंद करा. चेंडू, दोऱ्या फुटतात-तुटतात हे लेखापरीक्षकालाही कळतं. नोंदच नसेल तर तो काही ऐकून घेत नाही.

क्रीडांगण विकास अनुदान आणि तो एक कागद

मैदान सपाट करणं, धावनमार्ग, कुंपण, पिण्याचं पाणी, साहित्यासाठी खोली अशा मोठ्या कामांची वाट ही. जिल्हा क्रीडा अधिकारी अर्ज मागवतात, निधी जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, आश्रमशाळांच्या आणि अनुदानित खाजगी संस्थांच्या शाळांनी ही जाहिरात जरूर बघावी. कमाल रक्कम आणि अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या. शेजारच्या शाळेला अमुक साली किती मिळाले, यावर अंदाजपत्रक बेतू नका.

विहित नमुन्यातला अर्ज, ठराव, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, सक्षम अभियंत्याच्या सहीचं अंदाजपत्रक आणि नकाशा हे सगळं धावपळ केली की जमतं. जमत नाही तो जागेचा कागद.

जुन्या शाळांच्या जागा बहुतेक कुणीतरी तोंडी दिलेल्या आहेत. गावातल्या एखाद्या सधन शेतकऱ्याने पन्नास-साठ वर्षांपूर्वी ‘घ्या, पोरं खेळू द्या’ म्हणून दोन एकर सोडले, शाळेने फलक लावला, आणि सातबाऱ्यावर आजही त्याच्याच नातवंडांची नावं आहेत. रस्ता रुंद झाला, जमिनीचे भाव चढले की नातवंडांना ती जागा आठवते. क्रीडा कार्यालय अशा सातबाऱ्यावर सरकारी पैसा खर्च करायला मंजुरी देणार नाही. आजोबांच्या सहीची साध्या कागदावरची चिठ्ठी आणून उपयोग नाही. मुद्रांकाच्या कागदावर वारसांकडून संमतिपत्र लिहून घेतलं तरी जागेची मालकी शाळेकडे येत नाही. नोटरीचा शिक्का बघून पुष्कळांना वाटतं की काम झालं. ते होत नाही.

खात्रीचा रस्ता हा आहे. सगळ्या वारसांनी दुय्यम निबंधकाकडे बक्षीसपत्र नोंदवायचं, मग तलाठ्याकडे फेरफार. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नाव लागतं. एक वारस मुंबईत, एक सुरतेत आणि एक कोणाशीच बोलत नाही, अशी स्थिती असेल तर वर्ष धरून चाला. जाहिरात आल्यावर हे काम सुरू करणाऱ्या शाळेला त्या वर्षी अनुदान मिळालेलं मी पाहिलेलं नाही. बक्षीसपत्रात जागा कोणाच्या नावे करायची, हेही आधी वकिलाला विचारा. जिल्हा परिषदेच्या शाळेची जागा मुख्याध्यापकांच्या नाहीतर समितीच्या अध्यक्षाच्या नावाने लिहून बसलेली माणसं आहेत.

शाळा गावठाणात असेल तर सातबारा निघतच नाही. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा मिळतो, नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मालमत्ता पत्रक. अर्जात ‘सातबारा जोडा’ एवढंच छापलेलं असतं म्हणून मुख्याध्यापक तलाठ्याकडे खेटे घालतात आणि तलाठी त्यांना परत पाठवतो. नमुना लिहिणाऱ्याने ‘किंवा’ हा एक शब्द घातला असता तर कितीतरी चपला वाचल्या असत्या. अशा वेळी नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक जोडा आणि सोबत ‘जागा गावठाणात असल्याने सातबारा उपलब्ध नाही’ असं ग्रामसेवकाचं पत्र लावा.

गायरानाची गोष्ट आणखी अवघड. ग्रामसभेने ठराव केला की जमीन मिळाली, असा समज गावोगावी आहे. गायरान सरकारच्या मालकीचं असतं. ठराव ही फक्त शिफारस, देण्याचा निर्णय महसूल खात्याचा. २०११ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरान दुसऱ्या कामाला देण्याचं धोरण फार कडक झालं आहे. खेळाचं मैदान हे सार्वजनिक काम असलं तरी प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातूनच जावा लागतो. तोवर त्या जागेवर अनुदान मागू नका, नाकारलंच जाईल.

जागा शाळेच्या नावावर असेल तरी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. कुंपणासाठी अनुदान मिळालं, खांब रोवायला गेल्यावर शेजाऱ्याने हद्दीवरून वाद काढला आणि पैसा मार्चअखेर परत गेला, असं झालेलं आहे. मोजणीला महिने लागतात. पावसाळ्याआधी अर्ज टाकलेला बरा.

अंदाजपत्रकाबद्दल एकच. गावातल्या खाजगी अभियंत्याकडून ते करून आणू नका. जाहिरातीत ज्या खात्याचा अभियंता सक्षम म्हटला आहे, त्याचीच सही चालते.

‘फिट इंडिया’चा ध्वज आणि तारे

२९ ऑगस्ट २०१९ ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, ही मोहीम सुरू झाली. शाळांसाठी तीन पायऱ्या आहेत: ध्वज, तीन तारे, पाच तारे. अर्ज संकेतस्थळावर, स्वयंघोषणेने. ध्वजासाठी शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेला एक शिक्षक, दोन मैदानी खेळ खेळता येतील असं मैदान, प्रत्येक तुकडीला रोज शारीरिक शिक्षणाची एक तासिका आणि प्रत्येक मुलाची रोज साठ मिनिटांची हालचाल लागते. तीन ताऱ्यांत चार खेळांच्या सोयी आणि एक देशी खेळ येतो. खो-खो, लंगडी, लगोरी आपल्याकडे आहेतच, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

शिक्षकाच्या अटीपाशी लहान शाळा घाबरतात. बी.पी.एड. झालेला माणूस पाहिजे असं त्यांना वाटतं. दोन शिक्षकी शाळेत तो कुठून येणार? शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच आहे. पण ध्वजाच्या निकषात ‘प्रशिक्षित शिक्षक’ असं म्हटलं आहे, पदवीचं नाव नाही. असलेल्या शिक्षकाने क्रीडा प्रशिक्षण घेतलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

रोजच्या तासिकेचं मात्र खोटं लिहू नका. वेळापत्रकात तास दाखवायचा आणि त्यात गणित उरकायचं हे सगळ्यांना माहीत असलेलं गुपित आहे. स्वयंघोषणेवर सही मुख्याध्यापकांची असते.

वजन-उंचीची नोंद

पाच ताऱ्यांसाठी दरवर्षी सर्व मुलांची तंदुरुस्ती चाचणी लागते. पहिली ते तिसरीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा), एका पायावर तोल आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना हाताने आळीपाळीने भराभर शिवणं). चौथीपासून पुढे बीएमआयबरोबर ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे-चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि जोर. काम सोपं आहे, पण नोंदी बिघडतात. बूट घालून वजन होतं, उंची भिंतीवरच्या पुसट पट्टीवर मोजली जाते आणि जन्मतारीख रजिस्टरऐवजी मुलालाच विचारतात.

सगळ्यात घातक चूक मोठ्यांचा तक्ता वापरण्याची. मोठ्यांत २५ च्या वर गेलं की वजन जास्त असं आपण ऐकलेलं असतं. मुलांना ते लागू नाही, तिथे वय आणि लिंग बघून ठरतं. दहा वर्षांच्या मुलग्याचा बीएमआय २२ असेल तर मोठ्यांच्या तक्त्यात तो ठणठणीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मात्र लठ्ठ. आठ वर्षांच्या मुलाचा साडेपंधरा हा अगदी योग्य आकडा आहे, आणि मोठ्यांचा तक्ता त्याला कुपोषित ठरवतो. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना नोंदी दाखवा. आणि आकडे वर्गात मोठ्याने वाचू नका. ‘जाड्या’ हे नाव एकदा पडलं की ते पोरगं मैदानावर यायचंच बंद होतं.

अर्ज परत आला तर

त्रुटीपत्र लेखी मागा. ‘साहेब म्हणाले कागद कमी आहे’ यावर घरी येऊ नका, कोणता कागद ते लिहून घ्या. पूर्तता करताना आवक शिक्क्याची पोच घ्या, कारण दुसऱ्या वर्षी टेबलावर दुसरा माणूस असतो. उत्तरच आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जिल्ह्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि तुमच्या फाईलवर काय शेरा आहे, एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. पूर्वी कधी अनुदान घेतलेलं असेल तर त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिलं आहे का, हे आधी आपल्याच कपाटात तपासा. पुष्कळदा फाईल तेवढ्यासाठीच पडून असते आणि ते कोणी सांगत नाही.