दुनळी बंदुका, जुन्या : संग्रह व ओळख

छरे उडवणाऱ्या, शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेल्या आणि प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत घडवल्या गेलेल्या बंदुका जमवणे, त्यांचा कर्ता व काळ ठरवणे आणि त्यांवर नंतर कोणती दुरुस्ती झाली हे उलगडणे, असा या छंदाचा व्याप आहे. या नोंदीत मुख्यतः ब्रिटिश बंदुकांचा विचार केला आहे, कारण लंडन व बर्मिंगहॅम येथील कारागिरांनी घडवलेली दुनळी हाच जगभरच्या संग्राहकांचा मापदंड राहिला आहे.

ठासणीच्या बंदुकीची जागा मागून काडतूस भरण्याच्या, नळ्या खाली मोडून उघडणाऱ्या बंदुकीने घेतली, ती फ्रेंच कारागीर कासिमीर लफॉशो याच्या रचनेच्या पायावर. पुढे बाहेरचे घोडे जाऊन खटका आत गेला. 1875 साली वेस्टली रिचर्ड्स या पेढीतील ॲन्सन व डीली यांनी ज्या यंत्रणेचे पेटंट घेतले, तिला आज बॉक्सलॉक म्हणतात; खटका बाजूच्या पट्टीवर बसवलेली ती साइडलॉक. फ्रेडरिक बीझली याचे 1880 चे पेटंट लंडनच्या पर्डी पेढीने विकत घेतले व तिची साइडलॉक दुनळी त्यावरच घडत राहिली. आत खटका असलेल्या बंदुकीला 1870 पूर्वीचा काळ कोणी सांगत असेल, तर शंका घेणेच शहाणपणाचे.

नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव नवशिक्याला सर्वाधिक भुलवते आणि पुराव्यापुरते तेच सर्वांत कच्चे असते. गावोगावच्या अनेक ब्रिटिश दुकानदारांनी बर्मिंगहॅमला तयार झालेल्या बंदुकांवर स्वतःचे नाव कोरून घेतले. बेल्जियममधील लिएज येथून तर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’सारखी, नामांकित पेढीची आठवण करून देणारी नावे घातलेल्या बंदुका बाहेर पडल्या. पत्ता मात्र उपयोगी पडतो : पर्डीच्या बंदुकीवर ‘314½ ऑक्सफर्ड स्ट्रीट’ असेल तर ती पेढी 1880 च्या दशकात ऑडली हाउसमध्ये जाण्यापूर्वीची ठरते, आणि हॉलंड पेढीचे जोडनाव 1876 पासूनचे असल्याने ‘हॉलंड अँड हॉलंड’ कोरलेली बंदूक त्यापूर्वीची नसते.

खरी कुंडली नळ्या उतरवल्यावर त्यांच्या तळाच्या सपाट भागावर वाचायला मिळते. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 च्या कायद्याने उभे राहिले. दोन्ही ठिकाणी जास्त भाराची दारू उडवून नळीची परीक्षा होते व शिक्का मारला जातो. बर्मिंगहॅमचा मुकुटाखालील ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’ हा शिक्का 1904 नंतरचा. त्याआधी तिथे मुकुटासह आडवे राजदंड दिसतात. धूररहित दारूसाठी झालेल्या ‘नायट्रो’ परीक्षेचे शिक्के 1896 पासूनचे, म्हणून त्याहून जुन्या बंदुकीवर ते आढळले तर ती पुन्हा तपासली गेली आहे, इतकाच त्याचा अर्थ. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशातून ज्या मापाच्या बारा गोळ्या होतात तो व्यास, सुमारे 18.5 मि.मी. 1954 च्या नियमांनंतर तो इंचांत, ‘.729’ असा, छापला जाऊ लागला. घासून-घासून आतला व्यास मूळ मापापेक्षा .010 इंचाने वाढला की बंदूक प्रूफबाह्य, म्हणजे परीक्षेच्या शिक्क्याची खात्री उरली नसलेली, ठरते, आणि ब्रिटनमध्ये तशी विकणे गुन्हा आहे.

जीर्णोद्धाराचे परिणाम याच संदर्भात पाहावे लागतात. नळीतले खड्डे घासून काढले की आतून आरसा दिसतो, पण भिंत पातळ होते, सुमारे 0.5 मि.मी. जाडी ही सर्वसाधारण खालची मर्यादा मानतात. लोखंड व पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्यांपासून घडवलेल्या ‘दमास्कस’ नळ्या काही वेळा सरसकट काळ्या केल्या जातात. फोर-एंडखालच्या, म्हणजे नळ्यांना खालून धरायच्या लाकडी भागाखालच्या, झाकलेल्या जागेत मूळ नक्षी सापडू शकते. मागचा भाग ठेवून पुढे नव्या नळ्या बसवलेल्या असतील, तर तिथे बारीक सांधा आणि ‘स्लीव्ह्ड’ असा शिक्का शोधावा. नळी, फोर-एंडचे लोखंड आणि चापाभोवतीची कडी यांवरील क्रमांक जुळले नाहीत, तर दोन बंदुकांची एक झाल्याची शक्यता असते. अक्रोडाच्या दस्त्यावरची चौकड्यांची खाच नव्याने कोरलेली, पण शेजारचे कोरीवकाम झिजलेले, अशी विसंगती जाणकाराला लगेच खुपते. जीर्णोद्धार म्हणजे फसवणूक नव्हे; लपवलेला जीर्णोद्धार ही मात्र फसवणूकच.

भारतातील संस्थानिकांनी व अधिकाऱ्यांनी लंडनहून मागवलेल्या, किंवा कलकत्त्याच्या मँटन व रॉडा या पेढ्यांनी विकलेल्या दुनळ्या जुन्या घरांतून आजही निघतात. येथे मात्र संग्रह हा आधी परवान्याचा विषय आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने एका सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, त्यामुळे वारशाने आलेल्या बंदुकाही या हिशेबातून सुटत नाहीत. कायमच्या निकामी झालेल्या, डागडुजी करूनही न उडणाऱ्या पुराणवस्तूंना या कायद्यातून सूट आहे. माळ्यावर सापडलेली दुनळी त्या व्याख्येत बसते की नाही, हे दस्त्यावरची धूळ पाहून ठरवता येत नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे विचारणा करूनच ती हाताळावी, आणि ती रिकामी आहे याची खात्री त्याआधी करावी.