नाव एकच, व्याख्या दोन: डॉक्युमेंट जोडताना स्टाइल कुठे जातात?

दोघांनी एकाच पुस्तकाची दोन प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत लावली. सुरुवात एकाच साच्यावरून, त्यामुळे दोन्हीकडे ‘उपमथळा’ नावाची पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाचा फॉन्ट, आकार, अंतर यांचा एका नावाखाली साठवलेला संच) आहे. पहिल्याने मधे कधीतरी ती 14 पॉइंटवरून 13 वर आणली आणि खालची मोकळी जागा जरा कमी केली. आता दुसऱ्याची पानं पहिल्याच्या फाइलीत घेतली की त्यातले सगळे उपमथळे गुपचूप 13 पॉइंटचे होतात. मजकूर वर सरकतो, पानाच्या माथ्याशी नीट बसवलेली ओळ मागच्या पानावर जाते आणि चित्र एकीकडे, त्याचा उल्लेख दुसरीकडे असं होऊन बसतं. सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. त्याच्या हिशेबाने काही हरवलेलंच नसतं: परिच्छेदावर ‘उपमथळा’ लावलेला होता, अजूनही ‘उपमथळा’च आहे.

याला बग म्हणायची सर्रास पद्धत आहे. मला ते पटत नाही. हा एका जुन्या आणि एरवी फार शहाण्या निर्णयाचा परिणाम आहे, आणि तो निर्णय डीटीपीच्याही, म्हणजे वैयक्तिक संगणकावरच्या पानमांडणीच्याही, आधीचा.

शिशाच्या खिळ्यांनी छपाई व्हायची त्या काळात हस्तलिखिताच्या समासात टाइपाचा आकार लिहून दिला जायचा आणि जुळारी त्याप्रमाणे जुळवायचा. संगणकावर टाइपसेटिंग सुरू झालं तेव्हा याच सूचना कोडच्या रूपाने मजकुरात शिरल्या: इथून अमुक फॉन्ट, इथून तमुक आकार. यंत्र बदललं की सगळे कोड नव्याने टाका. सप्टेंबर 1967 मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवण्याची कल्पना मांडली. 1969 मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी त्याच वाटेवर जीएमएल ही खुणांची भाषा तयार केली. तिच्यातूनच पुढे 1986 मध्ये एसजीएमएल हे आयएसओ 8879 क्रमांकाचं मानक आलं. मजकुरात फक्त ‘हा मथळा’ एवढी खूण. मथळा दिसावा कसा, ते दुसरीकडे लिहून ठेवायचं.

दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे? पुढच्या सगळ्या भानगडी या एका प्रश्नाभोवती फिरतात.

पहिलं उत्तर होतं: वेगळी फाइल. 1983 च्या डॉसवरच्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये स्टाइलशीट ही स्वतंत्र फाइल असायची. 1986 मध्ये आलेल्या व्हेंचुरा पब्लिशर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरने तर हे तत्त्व पार टोकाला नेलं. प्रकरणाची फाइल ही जवळपास नुसती यादी असायची: मजकूर या फाइलीत, चित्रं त्या फाइलींत, स्टाइल तिसऱ्याच फाइलीत. मजकूर वर्ड प्रोसेसरच्या मूळ फाइलीतच राहायचा आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला टॅगचं नाव लिहिलेलं असायचं. दहा प्रकरणांना एकच स्टाइल फाइल जोडली की सगळं पुस्तक एका सुरात. पण एका प्रकरणापुरता म्हणून केलेला बदल उरलेल्या नऊ प्रकरणांतही जायचा. आणि फाइली दुसऱ्या संगणकावर नेताना स्टाइलची फाइल मागे राहिली, तर टॅगची नावं मजकुरात शाबूत आणि त्यांना अर्थ देणारं कोणी नाही.

दुसरं उत्तर: व्याख्या डॉक्युमेंटच्या पोटातच ठेवा. ऑल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानमांडणीचं सॉफ्टवेअर 1985 मध्ये आलं, त्यात स्टाइल नव्हत्याच. त्या आल्या 1988 च्या 3.0 आवृत्तीत, आणि त्या त्या फाइलीतच साठवलेल्या. क्वार्कएक्सप्रेस या त्याच्या प्रतिस्पर्ध्यानेही हाच मार्ग धरला. फाइल उचलली की स्टाइल बरोबर आल्याच, मागे काही राहायची भीती संपली. बदल्यात प्रत्येक फाइल स्वतंत्र संस्थान झाली. दोन संस्थानांत एकाच नावाचे दोन वेगळे कायदे असतील, तर विलीनीकरणाच्या दिवशी कोणता चालणार?

जवळपास सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: जिथे मजकूर येतो तिथला. पेस्ट करा, वस्तू ओढून आणा, पानं हलवा, नावं जुळली की यजमान फाइलीची व्याख्या लागू. नाव नवं असेल तरच पाहुण्याची व्याख्या आत घेतली जाते. याच्या उलट केलं असतं तर काय झालं असतं, हे जरा डोळ्यांसमोर आणा. कुठून तरी एक परिच्छेद पेस्ट केला आणि आपल्या तीनशे पानांचा मुख्य मजकूर बदलला! त्यामुळे नियम योग्यच होता. चुकलं ते इतकंच, की तो मुकाट्याने अमलात यायचा. क्वार्कएक्सप्रेसमध्ये पुढे दुसऱ्या फाइलीतून स्टाइल आणताना निदान विचारणा होऊ लागली: असलेली ठेवू, नवी वापरू, की नवीचं नाव बदलू? अडोबीचं इनडिझाइन हे पानमांडणीचं सॉफ्टवेअर 1999 मध्ये आलं. त्यातही स्टाइल मुद्दाम दुसऱ्या फाइलीतून लोड केल्या तर असाच पर्याय मिळतो. साध्या पेस्टच्या वेळी मात्र आजही सहसा कोणी विचारत नाही, आणि रोजच्या कामात दहातले नऊ घोळ पेस्टमध्येच होतात.

वेबवाल्यांनी हा तंटा आधीच ओळखला होता, हे इथे नोंदवायला हवं. होकोन विउम ली यांनी 1994 मध्ये मांडलेल्या आणि डिसेंबर 1996 मध्ये मानक झालेल्या सीएसएस या वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेत अनेक स्टाइलशीट एकमेकांवर आदळणार हे गृहीतच आहे. कोणाचा नियम वरचढ, याची उतरंड पहिल्या आवृत्तीपासून लिहिलेली आहे. डीटीपीत एका पानाचे दोन मालक असतील, असं सुरुवातीला कोणाच्या मनातच नसावं.

एक नुकसान याच्या अगदी उलट तऱ्हेचं आहे आणि माझ्या मते जास्त वाईट. 1987 च्या आरटीएफ या, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मजकूर नेण्याच्या फाइल-स्वरूपात प्रत्येक परिच्छेदाबरोबर स्टाइलचा क्रमांक असतोच, शिवाय फॉन्ट, आकार, समास हे सगळं रूपही पुन्हा लिहिलेलं असतं. हेतू चांगला: ज्या प्रोग्रॅमला स्टाइल कळत नाहीत त्यालाही मजकूर तसाच दिसावा. पण अशा प्रोग्रॅममधून फाइल एकदा गेली की नाव गळतं आणि रूप तेवढं चिकटून राहतं. डोळ्याला सगळं जिथल्या तिथे. महिन्याभराने स्टाइल बदलायला जावं तर निम्मे मथळे हलायलाच तयार नाहीत. पहिल्या प्रकारात निदान पान बिघडलेलं दिसतं. इथे पुढची आवृत्ती काढेपर्यंत पत्ता लागत नाही.

वारशाचा गुंता तर स्वतंत्र. एक स्टाइल दुसरीवर बेतलेली असते तेव्हा ती फक्त फरक साठवते. स्क्राइबस या 2001 पासूनच्या मुक्त सॉफ्टवेअरची फाइल एक्सएमएल (खुणांसह साध्या अक्षरांत लिहिलेली) असल्यामुळे साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडता येते, आणि तिथे हे स्वच्छ दिसतं. वरच्या भागात प्रत्येक स्टाइलची एकेक नोंद, तिच्यात स्वतःचं नाव, पालक स्टाइलचं नाव आणि जेवढं वेगळं तेवढेच गुणधर्म. खाली मजकुरात परिच्छेद संपतो तिथे एक छोटी खूण, आणि तिच्यात पुन्हा नुसतं नाव. ‘उद्धरण’ ही स्टाइल ‘मुख्य मजकूर’वर बेतलेली असेल, तर तिच्या नोंदीत बहुधा फक्त समास आणि तिरपा टाइप सापडेल, फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर पालकाकडे. नव्या फाइलीतही ‘मुख्य मजकूर’ असेल, पण दुसऱ्या फॉन्टचा, तर नाव न जुळणारी ‘उद्धरण’ स्टाइलसुद्धा पालकाच्या पाठोपाठ बदलण्याचा धोका असतो. इनडिझाइनमध्ये हे हमखास होतं ते बेसिक पॅराग्राफ या जन्मजात स्टाइलमुळे. ती प्रत्येक फाइलीत असते, काढून टाकता येत नाही आणि प्रत्येकाने तिला आपल्या सोयीने वाकवलेलं असतं. म्हणून जुनेजाणते तिच्यावर काही बेतायचं नाही असा सल्ला देतात.

दरम्यान खुद्द जोडकामच टाळायची सोय झाली. इनडिझाइनच्या बुक फाइलीत प्रकरणं वेगळीच राहतात, त्यातलं एक प्रमाण धरायचं आणि बाकीच्यांच्या स्टाइल त्याबरहुकूम करून घ्यायच्या. व्हेंचुराच्या रचनेची आठवण व्हावी असंच आहे हे, फरक इतकाच की बदल तुम्ही सांगाल तेव्हा जातो. पुढे स्टाइलचे गट करता येऊ लागले आणि वेगवेगळ्या गटांत एकाच नावाच्या दोन स्टाइल राहू शकतात हेही ओघाने आलं. काहींना त्यातून सुटका मिळाली. बाकीच्यांच्या यादीत दोन ‘उपमथळा’ शेजारी शेजारी नांदू लागले.

देवनागरीत काम करणाऱ्याला या सगळ्याचा फटका जरा जोरात बसतो. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारं मानक) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. तिथे स्टाइलबरोबर फॉन्ट गेला की रूप बिघडून थांबायचं नाही, अख्ख्या मजकुराची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी व्हायची. युनिकोडने तो प्रकार संपवला. पण इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी यंत्रणा), जो 2012 च्या सीएस6 आवृत्तीपासून भारतीय भाषांसाठी खुला झाला, तो पॅराग्राफ स्टाइलचाच एक गुणधर्म आहे. यजमान फाइलीतल्या त्याच नावाच्या स्टाइलमध्ये साधा कंपोझर निवडलेला असेल तर पेस्ट होताक्षणी जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, आणि माणूस मात्र फॉन्ट बदलून बदलून पाहत राहतो.