दृश्यमानता, संरक्षित क्षेत्रांतील (नान्नज माळढोक अभयारण्याच्या संदर्भात)

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा राखीव रानातून उघड्या डोळ्यांना किती लांबचे आणि किती स्वच्छ दिसते, ती त्या क्षेत्राची दृश्यमानता. पाऊस आणि धुके यांनी ती घटते ते नैसर्गिक. धूर, धूळ आणि वायूंपासून हवेतच तयार होणारे सूक्ष्म कण यांनी ती घटली, तर त्याला धुरके म्हणतात. संरक्षित क्षेत्रातील हवेचे रक्षण म्हणजे मुख्यतः या धुरक्याला आवर घालणे.

सोलापूर–बार्शी रस्त्यावर, शहरापासून विसेक किलोमीटरवर असलेले नान्नज हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. किमी होते. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांतली गावेच्या गावे त्यात आली होती. पुढे सीमा नव्याने आखून ते सुमारे १,२२२ चौ. किमीवर आणले गेले. आत सलग जंगल नाही. शेतांच्या मधोमध राखलेले गवताळ माळाचे तुकडे आहेत. माळढोक पक्षी आता क्वचितच दिसतो. काळवीट, लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी मात्र आहेत. माळावरच्या प्राण्याला लपायला झाडी नसते, धोका लांबून दिसणे हेच त्याचे संरक्षण. वनरक्षकाची गस्त, मनोऱ्यावरून होणारी टेहळणी आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची पाणवठ्यावरची गणना ही कामेही नजर किती लांब पोहोचते यावरच चालतात. घाटातल्या रानात धुरक्याने डोंगराची शोभा जाते, माळावर त्याने माळाचा माळपणाच जातो.

धूळ आणि धुरके

उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला की फुफाटा उठतो, आणि हवा बिघडली ती धुळीने, अशी समजूत पक्की होते. लांबचे दिसण्याच्या बाबतीत ही समजूत बरीचशी चुकीची आहे. धुळीचे कण जाड असतात. ते थोड्या वेळात खाली बसतात आणि वजनाच्या मानाने प्रकाश कमी अडवतात. दृश्य पुसतात ते ०.१ ते १ मायक्रॉनचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कारण त्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या (०.४ ते ०.७ मायक्रॉन) जवळपास असतो. कोळशातल्या गंधकापासून सल्फर डायऑक्साइड निघतो, हवेत काही तासांत ते दिवसांत त्याचे सल्फेट होते, आणि शेण, मूत्र व युरिया यांतून सुटणाऱ्या अमोनियाशी जुळून अमोनियम सल्फेटचे कण बनतात. हे कण आर्द्रता शोषून फुगतात. म्हणून त्याच हवेत पहाटे क्षितिज गायब असते आणि दुपारी ऊन चढले की परत दिसू लागते.

अमेरिकेतल्या उद्यानांत वापरले जाणारे एक सोपे समीकरण प्रत्येक घटकाचा वाटा सांगते. घटकाचे वजन दर घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये घ्यायचे. सल्फेट आणि नायट्रेट यांना ३ ने गुणून पुन्हा आर्द्रतेच्या गुणांकाने (हवा जितकी दमट तितका तो मोठा) गुणायचे. सेंद्रिय कणांना ४, काजळीला १०, सूक्ष्म मातीला १ आणि जाड धुळीला ०.६ ने गुणायचे. शुद्ध हवेचे १० मिळवायचे. येणारी बेरीज म्हणजे दर मेगामीटरमागे (१,००० किमीमागे) प्रकाशाची घट. ३,९१२ ला तिने भागले की दृश्यपल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. नुसत्या शुद्ध हवेसाठी तो ३९१ किमी येतो.

हिशेब कळावा म्हणून हिवाळ्यातली एक कल्पित सकाळ घेऊ : सल्फेट १०, नायट्रेट ४, सेंद्रिय कण १५, काजळी ३, सूक्ष्म माती ५, जाड धूळ ४० आणि आर्द्रतेचा गुणांक ३. वाटे अनुक्रमे ९०, ३६, ६०, ३०, ५ आणि २४ होतात. शुद्ध हवेचे १० धरून बेरीज २५५, म्हणजे दृश्यपल्ला साधारण १५ किमी. आता रस्त्यांवर पाणी मारून जाड धूळ निम्मी केली, तर पल्ला जेमतेम १६ किमी होतो. त्याऐवजी सल्फेट आणि धूर (सेंद्रिय कण व काजळी) निम्मे केले, तर तो जवळजवळ २४ किमीवर जातो. दुपारी हवा कोरडी होऊन गुणांक १.२ वर आला, तर काहीही न करता २२ किमीच्या आसपास दिसते.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि या नोंदीतली ती सर्वांत महत्त्वाची. सूक्ष्म कणांची बेरीज ३७ होते, जाड धूळ धरून ७७. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार चोवीस तासांची मर्यादा पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी ६० आणि पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) साठी १०० आहे. म्हणजे ही हवा नियमात पूर्ण बसते, आणि तरीही पंधरा किलोमीटरपलीकडचे काही दिसत नाही. माणसाच्या फुप्फुसांसाठी आखलेली मर्यादा क्षितिजाला पुरत नाही.

कायद्यातील स्थान

दृश्य हीच जपण्याची वस्तू मानणारा कायदा अमेरिकेत १९७७ मध्ये झाला. स्वच्छ हवा कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने मोठी राष्ट्रीय उद्याने आणि राखीव राने पहिल्या वर्गात घातली. त्यांपैकी १५६ क्षेत्रांत मानवनिर्मित धुरके हटवणे हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरले. १९९९ च्या नियमाने २०६४ पर्यंत नैसर्गिक स्थिती गाठण्याची दिशा दिली : सर्वांत धुरकट २० टक्के दिवस सुधारत गेले पाहिजेत आणि सर्वांत स्वच्छ २० टक्के दिवस बिघडता कामा नयेत. सुधारणा डेसिव्ह्यू या एककात मोजतात. प्रकाशाच्या घटीला १० ने भागून, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम घेऊन, तो १० ने गुणला की डेसिव्ह्यू मिळतो. वरच्या उदाहरणातली सकाळ ३२ डेसिव्ह्यूची आहे, शुद्ध हवा शून्याची. ग्रँड कॅन्यनजवळच्या नॅव्हाहो वीजकेंद्राला याच तरतुदींखाली १९९१ मध्ये सल्फर डायऑक्साइड ९० टक्के घटवण्याचा आदेश मिळाला. त्यानुसार वायुशोधक यंत्रणा बसली. केंद्र २०१९ मध्ये बंद झाले.

भारतात दृश्यमानतेचे वेगळे मानक नाही. २००९ च्या मानकांत केंद्राने अधिसूचित केलेल्या परिस्थितिकीय संवेदनशील क्षेत्रांसाठी वेगळा रकाना आहे. पण त्यात कडक मर्यादा दोनच वायूंच्या वार्षिक सरासरीला आहेत : सल्फर डायऑक्साइड ५० ऐवजी २० आणि नायट्रोजन डायऑक्साइड ४० ऐवजी ३०. कणांच्या मर्यादा शहराला आणि रानाला एकच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चे कलम ३० अभयारण्याला धोका पोहोचेल अशी आग लावण्यास किंवा पेटती ठेवण्यास मनाई करते, मात्र ते कुंपणाच्या आतले झाले. सल्फेट शेकडो किलोमीटर वाहत येते, त्याला कुंपण माहीत नसते.

कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घालणारी, म्हणजे प्रत्यक्षात गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावणारी अधिसूचना डिसेंबर २०१५ मध्ये निघाली. जुलै २०२५ च्या बदलानंतर ही सक्ती केंद्र कोठे आहे यावर ठरते : राजधानी परिसर आणि दहा लाखांवरची शहरे यांच्या १० किमी परिघात ती आहे, अतिप्रदूषित क्षेत्रे व मानके न गाठणाऱ्या शहरांच्या १० किमी परिघातल्या केंद्रांचा निर्णय एकेकाचा, आणि उरलेल्यांना सूट. अभयारण्यापासूनचे अंतर या वर्गवारीत कोठेच येत नाही. ही उणीव मोठी आहे. सोलापूरच्या दक्षिणेला फताटेवाडी परिसरात ६६० मेगावॉटच्या दोन संचांचे एनटीपीसीचे केंद्र आहे, आणि सोलापूर शहर मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराची प्रगती मुख्यतः पीएम १० वर जोखली जाते, त्यामुळे भर रस्त्यांच्या धुळीवर पडतो. शहरवासीयांसाठी ते योग्यच आहे. नान्नजच्या क्षितिजाला त्याचा फायदा थोडा.

स्थानिक उगम आणि उपाय

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊसतोड चालते आणि त्याच काळात हवेचा खालचा थर रात्री थंड होऊन झाकणासारखा बसतो. तोडणी झालेल्या फडात संध्याकाळी पाचट पेटवले की धूर वर जात नाही. तो रात्रभर जमिनीलगत पसरून सकाळी माळावर उभा असतो. एका हेक्टरमागे साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते न जाळता कुजवायची रीत अशी : तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचे किंवा यंत्राने कुट्टी करायची, दर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचे.

ही रीत बिघडते ती बहुधा युरियापाशी. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना बाहेरून नत्र मिळाले नाही, तर ते जमिनीतले ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. शेतकरी दोष पाचटाला देतो आणि पुढच्या वर्षी काडी लावतो. दुसरी अडचण पाण्याची. प्रत्येक सरीत पाचट असले की पाणी तुंबते आणि पाळी लांबते, म्हणून एक सरी पाचटाची आणि एक पाण्याची ठेवावी. ठिबक असेल तर हा प्रश्न उरत नाही. माळाला लागून असलेल्या फडांपासून सुरुवात केली, तर आग गवतात शिरण्याचा धोकाही त्याबरोबरच कमी होतो.

साखर कारखान्यांच्या बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या बॉयलरला धुराड्यातून निघणाऱ्या कणांची मर्यादा दर घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम आहे. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काळी भुरकी जाड राखेची असते. ती त्रासदायक खरी, तरी क्षितिज पुसते ती तिच्याबरोबर निघणारी, डोळ्यांना न दिसणारी काजळी.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) त्याआधी पूर्ण व्हाव्या लागतात. पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत आधी कापून घेतात, मग मधले जाळतात. उशीर झाला की कुसळी गवत पूर्ण वाळते, वारा वाढतो आणि आग रेषेबाहेर जाते. यात एक ओढाताण आहे. सकाळी जाळले तर आग ताब्यात राहते पण धूर साचतो; दुपारी जाळले तर धूर वर निघून जातो पण आग हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून नान्नजसारख्या सपाट माळावर जाळण्यापेक्षा कापणे चांगले. पट्ट्यातले गवत मुळाशी कापून चारा म्हणून बाहेर काढावे आणि राहिलेला कचरा ब्लोअरने बाजूला सारावा. जाळलेच, तर पट्ट्यातल्या वाळक्या शेणावर पाणी मारल्याशिवाय जागा सोडू नये. शेण तासन् तास धुमसते आणि वारा सुटला की त्याच्याच ठिणगीने शेजारचे गवत पेटते.

खडी क्रशरसाठी यंत्रापासून ३ ते १० मीटरवर तरंगत्या कणांची मर्यादा दर घनमीटरमागे ६०० मायक्रोग्रॅम आहे. पाण्याचे फवारे खडीच्या ढिगावर मारून उपयोग नाही. ते जबड्याच्या तोंडाशी आणि पट्ट्यावरून माल पडतो त्या जागी हवेत. विंधनविहिरीच्या जड पाण्याने फवाऱ्यांची तोंडे क्षाराने बुजतात, आणि पाणी जास्त झाले की चाळण चिकटते म्हणून कामगार कॉक बंद करतात. पाणी गाळून घेणे आणि चाळण झाकून ठेवणे हा त्यावरचा इलाज. अभयारण्यातल्या मुरमाच्या वाटांवर वेग ताशी २० किमीच्या आत ठेवला की पुरते. धूळ दाबण्यासाठी क्षार टाकू नयेत, ते पावसाबरोबर गवतात उतरतात.

मोजणी

नमुना घेणाऱ्या यंत्राचे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर, झाडांपासून दूर आणि वाटेच्या धुळीबाहेर असावे. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, चोवीस तासांची, वर्षाला किमान १०४ मोजमापे लागतात. अमेरिकेतल्या उद्यानांच्या जाळ्यात दर तिसऱ्या दिवशी चार वेगवेगळ्या फिल्टरवर नमुना घेतात, कारण सल्फेट, काजळी आणि माती एकाच कागदावर नीट वेगळी होत नाहीत. प्रयोगशाळेत जाण्याआधी कागदही थोडे बोलतो. चोवीस तासांनी तो तांबूस-तपकिरी दिसला तर मुरूम, करडा-काळा दिसला तर धूर. कागद जवळजवळ पांढरा आणि क्षितिज तरीही पुसट, असे असले तर सल्फेटचा संशय घ्यावा. त्याला रंग नसतो.

प्रकाश टाकून कण मोजणारे स्वस्त सेन्सर इथे दोन बाजूंनी फसवतात. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की फुगलेले कण त्यांना जास्त वजनाचे वाटतात. मुरमाची जाड धूळ त्यांना नीट दिसत नाही, आणि त्यांचा पीएम १० चा आकडा बराचसा अंदाजाने काढलेला असतो. प्रमाणित यंत्राशेजारी हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू ठेवून दुरुस्तीचा गुणांक काढल्याखेरीज त्यांच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये.

सर्वांत कमी खर्चाचे साधन म्हणजे एका जागी पक्का बसवलेला कॅमेरा. मनोऱ्यावर तो उत्तरेकडे तोंड करून लावला तर ऊन भिंगात येत नाही. चौकटीत ५, १० आणि २० किमीच्या आसपासच्या, नकाशावर मोजून घेतलेल्या तीन गडद खुणा हव्यात : पाण्याची टाकी, धुराडे, डोंगराची कड. पांढरी भिंत खूण म्हणून चालत नाही, दृश्यपल्ल्याचे वरचे सूत्र काळ्या खुणेसाठी बांधलेले आहे. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता शटरचा वेग आणि भिंगाचे छिद्र न बदलता फोटो घ्यावा, भिंग दर आठवड्याला पुसावे आणि कोणती खूण दिसली, कोणती नाही, हे त्या वेळच्या आर्द्रतेसह लिहावे. पावसाच्या आणि ९० टक्क्यांवरच्या आर्द्रतेच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात, नाहीतर जुलैचे धुके आणि जानेवारीचा धूर एकाच सरासरीत मिसळतात.