अव्वांचा अंगठा

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आमच्या शेजारी राहणाऱ्या अव्वांच्या अंगठ्याला जाड घट्टा होता. पानात तंबाखू भरायची, अंगठ्याने दाबत वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्या, चाळीस वर्षं! मग खुबा मोडून त्या अंथरुणाला खिळल्या आणि तीन आठवड्यांत माकडहाडावर जखम पडली. दाब दोन्हीकडे होता. एकीकडे कातडी चिवट झाली, दुसरीकडे सडली.

पेशीला दाब कळतो कसा, हे अलीकडेच उमगलं. शास्त्रज्ञ आर्डेम पॅटापूशियन आणि सहकाऱ्यांनी काचेच्या बारीक नळीने पेशींना ढोसत ७२ जनुकं एकेक करून बंद करून पाहिली. शेवटचं बंद केलं आणि पेशी ढिम्म! त्या जनुकाचं प्रथिन म्हणजे पिएझो-१. शोध २०१० चा, नोबेल २०२१ चं. पेशीच्या आवरणातलं हे दार आवरण ताणलं की उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि निरोप पोचतो.

अंगठ्यावर पुन्हापुन्हा दाब-घर्षण झालं, की तळच्या पेशी भराभर वाढतात, वरचा मृत थर जाडावतो. पण दोन विड्यांच्या मध्ये अंगठा मोकळा होतो, रक्त फिरतं. गादीवर ती उसंत नाही. केशवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या जेमतेम ३२ मिलिमीटरच्या आसपास. हाडाखाली दबलेल्या कातडीवर त्याहून जास्त भार सहज येतो. वाहिन्या मिटतात, पेशी उपाशी मरतात. म्हणून दर दोनेक तासांनी कूस बदलायची. लाल झालेली जागा अव्वांची सून प्रेमाने तेल लावून चोळायची. नर्सबाईंनी ते थांबवलं, कारण आधीच दुखावलेल्या पेशी चोळल्याने आणखी फाटतात.

जखम भरणं मात्र सोलापूरकराला समजावायला सोपं. ताणा, म्हणजे उभे धागे, ढिला असेल तर मागावर चादर नीट विणली जात नाही. जखमेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे घालतात आणि स्वतःच ते ओढतात. ओढीला आधार मिळाला, की त्यांच्यात स्नायूंसारखे तंतू तयार होतात. संशोधक ज्युलिओ गाबियानी यांनी १९७१ मध्ये अशा पेशी दाखवल्या. याच पेशी जखमेच्या कडा जवळ आणतात. ताण फार झाला तर व्रण जाड उठतो, म्हणून भाजलेल्यांना व्रण दाबून धरणारे घट्ट कपडे महिनोन्‌महिने घालायला देतात.

अव्वांची जखम भरायला चार महिने लागले. तेवढ्यात विड्या बंद, म्हणून अंगठ्याचा घट्टा सोलून निघाला. खालची कातडी गुलाबी, मऊ. परवा वाटी उचलताना अव्वा चटकन हात मागे घेत म्हणाल्या, "चहा एवढा गरम कधीपासून करायला लागलात?"