रास्पबेरी पाय घेताना बोर्डाआधी वीज बघा

माझी भाची नववीत आहे, सांगलीला. दिवाळीच्या सुट्टीत तिच्यासाठी रास्पबेरी पाय ४ घेतला, दोन जीबी रॅमचा. एटीएम कार्डाएवढा बोर्ड. पण कीबोर्ड, माउस आणि टीव्ही जोडला की तो पुरता संगणक होतो. मेमरी कार्डात लिनक्स (संगणक चालवणारी प्रणाली) भरलं, जोडण्या केल्या आणि बटण दाबलं. टीव्ही उजळला, आणि कोपऱ्यात विजेचा पिवळा बाण लुकलुकायला लागला. मिनिटभरात बोर्ड आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. मग पुन्हा तेच.

"मामा, चार्जर तर पासष्ट वॅटचा आहे!" ती म्हणाली. पाय ४ ला तर पंधरा वॅट पुरतात.

घोटाळा इथेच होतो. मोबाइलचे वेगवान चार्जर ही मोठी ताकद देतात ती बहुधा व्होल्टेज चढवून, आणि तेही फोनने तशी मागणी केली तरच. पाय ४ अशी मागणी करत नाही. त्याला हवेत सरळ ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरपर्यंत करंट. मागणीच आली नाही की असा चार्जर ५ व्होल्टवरच राहतो, आणि तिथे पुष्कळ चार्जर दोनच अँपिअर देतात. वर केबलचा वाटा वेगळा. लांब, बारीक तारेचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम धरा. अडीच अँपिअर करंट वाहिला की ०.२ × २.५, म्हणजे अर्धा व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. बोर्डापाशी उरतात साडेचार. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय तो बाण दाखवतो. त्याचा अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो तो याचसाठी: वरचा ०.१ तारेच्या नावाने आधीच सोडलेला आहे. दुसऱ्या दिवशी योग्य अडॅप्टर आणला आणि बाण गेला. पाय ५ घेणार असाल तर त्याला ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. कमी ताकदीवर तो चालतो, पण यूएसबीला जोडलेल्या वस्तूंचा करंट आखडता घेतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की बजेट ठरवताना आधी अडॅप्टर आणि मेमरी कार्ड, मग बोर्ड. पैसे कमी पडत असतील तर रॅम कमी घ्या, पण या दोघांत काटकसर करू नका. शिकणारं मूल पहिल्याच आठवड्यात कंटाळून बोर्ड कपाटात टाकतं, त्यामागे मी तरी बहुतेक वेळा याच दोन गोष्टी पाहिल्या आहेत.

कार्डाचं असं की साध्या पायमध्ये हार्ड डिस्क नसते, सगळा कारभार मायक्रोएसडी कार्डावर चालतो. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत एखादं अक्षर बदलायचं तरी आजूबाजूचा मोठा ठोकळा पुसून पुन्हा लिहावा लागतो. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर त्या ठोकळ्यातला शेजारचा मजकूरही बिघडू शकतो, आणि पुढच्या वेळी बोर्ड सुरूच होत नाही. तेव्हा नावाजलेलं कार्ड खात्रीच्या दुकानातून घ्या आणि त्यावर 'ए१' ही खूण बघा. सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं झेपतात, असा तिचा अर्थ. बोर्डही नेहमी शटडाउन करूनच बंद करायचा.

हा बोर्ड मुळात मुलांसाठीच जन्मला. केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की संगणकशास्त्राला येणारी मुलं कमी होताहेत आणि येतात त्यांनाही प्रोग्रॅमिंगचा हात नाही. १९८० च्या दशकातली ब्रिटिश मुलं बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर खटपट करत वाढली होती. नव्या पिढीच्या घरात संगणक होता, पण तो उघडून बघायची मुभा नव्हती. बिघडला तरी घरात ओरडा बसणार नाही असा संगणक अप्टन आणि सहकाऱ्यांना हवा होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पाय ३५ डॉलरला विक्रीला आला. त्याच्यातला प्रोसेसर आर्म (ARM) घराण्याचा, आणि ते घराणं बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच १९८५ साली जन्मलेलं. मला हे वर्तुळ फार आवडतं.

घेण्याआधी मुलाला एकच विचारा: पहिल्यांदा काय करणार? पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची, इंटरनेट वापरायचं, कॅमेरा लावायचा, तर पाय ४ किंवा ५. टीव्हीला जोडायला त्याला मायक्रो एचडीएमआयची केबल लागते. घरातली नेहमीची बसत नाही. पडद्याशिवाय कोपऱ्यात चालू ठेवायचा असेल तर झीरो २ डब्ल्यू हा छोटा पाय पुरतो. आणि कुंडीतल्या मातीचा ओलावा बघून पंप सुरू करायचा असेल, तर पाय घेऊच नका, पिको घ्या. तो मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवत राहणारा छोटा बोर्ड, पाचशेच्या आत येतो, वीज गेली-आली तरी त्याचं काही बिघडत नाही. शिवाय मातीचे स्वस्त सेन्सर कमी-जास्त होणारं व्होल्टेज देतात आणि ते मोजायची सोय पिकोत आहे. पायला बाहेरचे भाग जोडायच्या चाळीस पिना असतात, त्यांत एकही तशी नाही. त्यातल्या सिग्नलच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, एवढं मात्र मुलाला बजावून सांगा. चुकून ५ व्होल्ट लागले तर बोर्ड जळू शकतो. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हाताळून घेता येतात.

भाचीने गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीत तापमानाचा डिजिटल सेन्सर सोडला आणि दर पाच मिनिटांनी नोंद ठेवायला लागली. एका रात्री तिचा फोन आला. दुपारच्या आलेखात पाणी पाच मिनिटांत दोन अंशांनी तापलं होतं. तिने गणित केलं होतं: एवढ्या पाण्याला एवढ्या वेळात दोन अंश चढवायचे तर चौदा किलोवॅट लागतील, म्हणजे दोन किलोवॅटचे सात गिझर. "मामा, हे होऊच शकत नाही ना?"

दुपारी दोन तास वीज गेली होती. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की त्याचा काळ थांबतो, आणि परत आली की शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून तो पुढे मोजू लागतो. खरी वेळ इंटरनेटवरून मिळते, आणि तिच्याकडे राउटर जागा व्हायला वेळ लागत होता. (पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते.) तिने घड्याळाचं छोटं मॉड्यूल आणून चार तारांनी जोडलं, त्यात नाण्याएवढा सेल बसवला. आता वीज गेली की आलेखात दोन तासांची मोकळी जागा दिसते, आणि तिच्या पलीकडे टाकीतलं पाणी दोन अंशांनी तापलेलं असतं.