रूळ घरचे, गाडी परक्याची : लक्झेंबर्गच्या रेल्वेची पार्श्वभूमी

29 फेब्रुवारी 2020 रोजी लक्झेंबर्गने आपल्या हद्दीतील आगगाडी, ट्राम आणि बस यांचे भाडे रद्द केले. संपूर्ण देशात सार्वजनिक वाहतूक मोफत करणारा हा जगातला पहिला देश म्हणून त्याची बातमी सर्वत्र झाली. पहिल्या वर्गाचे तिकीट तेवढे कायम राहिले. त्याआधी दोन तासांच्या प्रवासाला दोन युरो पडत. तिकिटांतून सरकारला वर्षाला सुमारे 4 कोटी 10 लाख युरो मिळत, तर वाहतुकीचा खर्च 50 कोटींच्या घरात होता. म्हणजे प्रवाशाच्या खिशातून खर्चाचा दहावा हिस्साही निघत नव्हता. गोव्याहूनही लहान, जेमतेम 2,586 चौरस किलोमीटरच्या या देशाकडे पैसा मुबलक आहे, म्हणून त्याला हे परवडले, असा अर्थ बहुतेकांनी लावला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या देशाची रेल्वे जवळजवळ नव्वद वर्षे त्याच्या स्वतःच्या हातात नव्हती, आणि ती ज्याच्या हातात गेली त्याच्या हाती देशाचे भवितव्यही गेले, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिथल्या रेल्वेविषयीच्या धोरणाचा नीट उलगडा होत नाही.

लक्झेंबर्गमध्ये आगगाडी उशिरा आली. मुंबई ते ठाणे गाडी धावली 1853 मध्ये. लक्झेंबर्गमधून पहिली गाडी सुटली 1859 मध्ये. इंग्लंड आणि बेल्जियम यांच्या इतक्या जवळ असूनही हा विलंब झाला, कारण देश नावालाच स्वतंत्र होता. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेने त्याला ग्रँड डचीचा दर्जा दिला आणि नेदरलँड्सच्या राजाला त्याचा ग्रँड ड्यूक केले, पण राजधानीच्या किल्ल्यात शिबंदी ठेवली ती प्रशिया या जर्मन राज्याची. 1839 मध्ये पश्चिमेचा मोठा भाग बेल्जियमकडे गेला, आणि 1842 मध्ये उरलेला देश जर्मन राज्यांच्या जकात संघात सामील झाला. राजा एकाचा, फौज दुसऱ्याची आणि व्यापार तिसऱ्याच्या नियमांनी, अशा स्थितीत लोहमार्गासाठी लागणारे भांडवल घरात उभे राहणे शक्य नव्हते.

ते बाहेरून आले. ग्रँड ड्यूक विल्यम यांच्या नावाने ‘गियोम-लक्झेंबर्ग’ कंपनी स्थापन झाली, पण गाड्या चालवण्याचे काम तिने फ्रान्सच्या पूर्व रेल्वे कंपनीकडे सोपवले. दक्षिणेला फ्रान्समधील तियाँव्हिल, पश्चिमेला बेल्जियममधील आर्लाँ, पूर्वेला मोझेल नदीकाठी जर्मन सरहद्द आणि उत्तरेला आर्देनच्या डोंगरांतून पुन्हा बेल्जियम, अशा चार दिशांना 1860 च्या दशकात मार्ग निघाले. राजधानीच्या स्थानकाची जागासुद्धा लष्कराने ठरवली. किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात येणारी पक्की इमारत प्रशियाच्या अधिकाऱ्यांना नको होती, कारण शत्रू आलाच तर ती झटक्यात पाडता यायला हवी. त्यामुळे स्थानक तटबंदीपासून दूर, पेत्रूस नदीच्या खोल दरीपलीकडच्या पठारावर आणि लाकडाचे बांधले गेले. शहर आणि स्थानक जोडायला दरीवर चोवीस कमानींचा दगडी पूल उभारावा लागला. तो 1861 मध्ये पूर्ण झाला आणि आजही वापरात आहे. आजचे दगडी स्थानक विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे आणि त्याचे वास्तुविशारदही जर्मनच होते. ते उभे राहीपर्यंत राजधानीच्या प्रवाशांना पन्नासएक वर्षे लाकडी स्थानकावरच भागवावे लागले.

रूळ एकाचे आणि गाडी चालवणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. कोल्हापूर दरबारने 1891 मध्ये मिरजेपर्यंतचा लोहमार्ग बांधला, पण गाड्या चालवल्या त्या सदर्न मराठा रेल्वेने. फरक इतकाच की लक्झेंबर्गच्या बाबतीत गाडी चालवणारा बदलला की देशाच्या परराष्ट्रसंबंधांची दिशाही बदलत असे.

याचा पहिला पुरावा 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात मिळाला. तीनच वर्षांपूर्वी लंडनच्या तहाने लक्झेंबर्गला कायमचे तटस्थ ठरवले होते, प्रशियाची शिबंदी निघून गेली होती आणि किल्ला पाडण्याचे काम सुरू झाले होते. मात्र गाड्या चालवणारी कंपनी फ्रेंचच होती. सप्टेंबर 1870 मध्ये एका रात्री जर्मन वेढ्यात सापडलेल्या तियाँव्हिलच्या किल्ल्याकडे लक्झेंबर्गमधून धान्यसामग्रीची गाडी गेली. प्रशियाचे पंतप्रधान बिस्मार्क यांनी हे प्रकरण उचलून धरले आणि लक्झेंबर्गची तटस्थता आपल्यावर बंधनकारक राहिलेली नाही, असे डिसेंबरात जाहीर केले. देश गिळंकृत करण्यापर्यंत गोष्ट गेली नाही, पण रेल्वे मात्र गेली. 1871 च्या तहाने फ्रान्सचा आल्सास-लोरेन हा प्रांत जर्मनीला मिळाला आणि 1872 च्या कराराने लक्झेंबर्गचे मार्ग त्या प्रांताच्या जर्मन शाही रेल्वेकडे सोपवण्यात आले. या मार्गांवरून सैन्य किंवा युद्धसामग्री नेणार नाही, असे जर्मनीने त्यात लिहून दिले होते. जकात संघातील सदस्यत्वाची मुदतही रेल्वे कराराशी बांधली गेली, त्यामुळे व्यापार आणि वाहतूक ही एकाच दोराची दोन टोके झाली. 1902 मध्ये हा करार पुढची कित्येक दशके चालेल अशा मुदतीने वाढवण्यात आला.

लक्झेंबर्गला यातून मिळाले काय, हेही पाहिले पाहिजे, कारण केवळ अन्यायाची कहाणी म्हणून हा काळ सांगणे सोपे आहे आणि ते खरे नाही. देशाच्या दक्षिण टोकाला एश शहराच्या परिसरात ‘मिनेट’ नावाचे लालसर लोहखनिज आहे. त्यात फॉस्फरस फार असल्याने त्यापासून चांगले पोलाद होत नसे. 1870 च्या दशकाअखेरीस इंग्लंडमध्ये थॉमस आणि गिलख्रिस्ट यांनी फॉस्फरस काढून टाकण्याची पद्धत शोधली आणि हे खनिज एकाएकी मोलाचे झाले. खनिज घरचे असले तरी ते वितळवायला लागणारा कोक मात्र जर्मनीच्या रूर खोऱ्यातून आणावा लागे. जकात संघामुळे तो बिनजकात येई आणि जर्मन रेल्वेमुळे तो सरळ झोतभट्टीच्या दाराशी उतरे. त्याच सुमारास ‘प्रिन्स-आंरी’ ही दुसरी कंपनी खाणींच्या पट्ट्यातून आणि सरहद्दीच्या कडेने मार्ग टाकत होती. तिला सरकारने मदत म्हणून रोख रकमेऐवजी खनिजाच्या जमिनी दिल्या होत्या. गरिबीमुळे अमेरिकेला जाणाऱ्या शेतकऱ्यांचा हा देश तीस-चाळीस वर्षांत युरोपातल्या महत्त्वाच्या पोलाद उत्पादकांपैकी एक झाला, आणि 1911 मध्ये स्थापन झालेली ‘आर्बेड’ ही पोलाद कंपनी देशाची ओळख बनली. (तिच्या वारसदार कंपनीचे 2006 मध्ये मित्तल समूहाशी विलीनीकरण झाले आणि त्या जगड्व्याळ उद्योगाचे मुख्यालय आजही लक्झेंबर्गमध्येच आहे.) खेडोपाडी नॅरोगेजच्या छोट्या गाड्याही याच काळात सुरू झाल्या. राजधानी ते एख्टरनाख या मार्गावरच्या गाडीला लोक लाडाने ‘शार्ली’ म्हणत. ती 1904 ते 1954 अशी पन्नास वर्षे धावली.

या भरभराटीची किंमत 1914 मध्ये चुकवावी लागली. 1 ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मन सैनिकांची एक तुकडी मोटारींतून उत्तरेकडच्या त्रुआव्हिएर्ज स्थानकावर आली, तिने स्थानक आणि तारघर ताब्यात घेतले व काही रूळ उखडले. थोड्याच वेळात दुसरी मोटार आली आणि चूक झाली असे सांगून तिने या तुकडीला परत नेले. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर सरहद्द पहिल्यांदा ओलांडली गेली ती बहुधा इथेच, आणि तीही एका रेल्वे स्थानकासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य सैन्य आत शिरले. बर्लिनहून लक्झेंबर्ग सरकारला कळवण्यात आले की, हे शत्रुत्वाचे कृत्य नसून जर्मनीच्या ताब्यातील रेल्वेच्या संरक्षणासाठी केलेली उपाययोजना आहे. सैन्य नेणार नाही असे वचन ज्या करारात होते, त्याच कराराने मिळालेल्या रेल्वेचे निमित्त करून सैन्य आले. त्या काळच्या कागदपत्रांत याहून बोलका विरोधाभास क्वचितच सापडेल.

युद्ध संपल्यावर डिसेंबर 1918 मध्ये लक्झेंबर्ग जकात संघातून बाहेर पडले. आल्सास-लोरेन फ्रान्सकडे परतले आणि त्याबरोबर लक्झेंबर्गचे मार्गही फ्रेंच प्रशासनाच्या हाती गेले. म्हणजे मालक पुन्हा बदलला, पण घरचा झाला नाही. 1919 च्या सार्वमतात लोकांनी फ्रान्सशी आर्थिक संघ करण्याच्या बाजूने मत दिले, परंतु फ्रान्सने बेल्जियमशी आपले संबंध जपण्यासाठी अंग काढून घेतले आणि 1921 मध्ये बेल्जियमशी संघ करावा लागला. बेल्जियमला साहजिकच रेल्वेतही वाटा हवा होता. तसा करार सरकारने केला, पण संसदेने तो 1925 च्या सुरुवातीला फेटाळला आणि त्यापायी एमिल रॉयटर यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. रेल्वे कोणी चालवायची या प्रश्नावरून सरकार पडावे, इतकी ही जखम खोल होती.

दुसऱ्या महायुद्धात मे 1940 पासून ही रेल्वे राइश्सबान या जर्मन सरकारी रेल्वेचा भाग झाली. ऑक्टोबर 1941 मध्ये इथल्या ज्यूंना घेऊन पहिली गाडी पोलंडमधील वूच शहरात ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी केलेल्या वस्तीकडे गेली. 1942 च्या सप्टेंबरपासून, सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणाऱ्या कुटुंबांना होलरिश स्थानकावरून पूर्वेकडे हद्दपार करण्यात आले. ते स्थानक आता स्मारक आहे.

1946 मध्ये बेल्जियम आणि फ्रान्स यांच्याशी झालेल्या कराराने विखुरलेल्या सगळ्या कंपन्या एकत्र आणून ‘सी.एफ.एल.’ ही राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली. तिचे 51 टक्के भाग लक्झेंबर्गचे आणि प्रत्येकी साडेचोवीस टक्के दोन शेजाऱ्यांचे होते. पुढे हे प्रमाण बदलत गेले आणि आज लक्झेंबर्गकडे 94 टक्के भाग आहेत. शेजाऱ्यांची छाप मात्र तारांवर दिसत राहिली. 1956 मध्ये तियाँव्हिलकडचा मार्ग फ्रान्सच्या पद्धतीने 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहावर आला, तर आर्लाँकडचा मार्ग बेल्जियमच्या पद्धतीने 3,000 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. एका राजधानीच्या एकाच स्थानकात दोन प्रकारची वीज, ही कसरत 2018 पर्यंत चालू होती.

मार्गांची लांबी मात्र घटली. नॅरोगेज बंद झाले, खाणींकडच्या शाखा ओस पडल्या आणि मोटारींचा जमाना आला. शेवटची खाण 1981 मध्ये बंद पडली, शेवटची झोतभट्टी 1997 मध्ये विझली आणि आता पोलाद बनते ते भंगारापासून, विजेच्या भट्टीत. पोलादाची जागा बँकांनी घेतली आणि सुमारे 275 किलोमीटरच्या या जाळ्यावर मालाऐवजी माणसे वाढली. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज दोन लाखांहून अधिक लोक इथे कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. देशातील नोकऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास त्यांच्या हाती आहेत. तियाँव्हिलकडचा मार्ग त्यांच्या गर्दीने सतत भरलेला असतो. याच मार्गावर 11 ऑक्टोबर 2006 रोजी सरहद्दीलगत झूफ्ट्जेन येथे प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकून सहा जण दगावले.

2007 मध्ये पॅरिसहून अतिवेगवान गाडी आली, तर 1964 मध्ये बंद केलेली ट्राम डिसेंबर 2017 मध्ये पुन्हा सुरू झाली. भाडेमाफीचा निर्णय ज्यांच्या खात्याने अमलात आणला ते तेव्हाचे वाहतूकमंत्री फ्राँस्वा बाउश एकेकाळी याच रेल्वेत नोकरीला होते. या निर्णयाने मोटारींची कोंडी सुटेल, हा दावा मात्र सावधपणे घ्यावा लागतो. कोंडीत अडकलेल्यांपैकी असंख्य लोक सरहद्दीपलीकडून येतात आणि माफी सरहद्दीपर्यंतच आहे. तियाँव्हिलला राहणाऱ्याला फ्रान्समधल्या टप्प्याचे भाडे भरावेच लागते, आणि त्याच्या गाडीत जागा असणे हे त्या भाड्याहून त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यासाठी 2018 मध्ये लक्झेंबर्गने फ्रान्सशी करार केला आणि फ्रान्समधल्या लोहमार्गाच्या आणि स्थानकांच्या सुधारणेचा खर्च समसमान उचलण्याचे मान्य केले. ज्या मार्गावरून 1859 मध्ये फ्रेंच कंपनीने पहिली गाडी आणली, त्याच मार्गाच्या सरहद्दीपलीकडील टोकासाठी आता लक्झेंबर्गचा खजिना पैसे मोजतो.